क्षयाची जागा: पाण्याकाठच्या फळ्या आणि टिकाऊपणाचा प्रश्न

नित्य आणि अनित्य यांचा विचार करताना भारतीय दर्शनांनी घट, पट, रथ, दीपज्योत अशा रोजच्या वापरातील वस्तू उदाहरणादाखल घेतल्या, आणि त्यामागे केवळ शिकवण्याची सोय नव्हती. जी वस्तू माणूस स्वतः घडवतो, वापरतो आणि डोळ्यांदेखत झिजताना पाहतो, तिच्याच बाबतीत त्याची टिकाऊपणाची अपेक्षा सर्वांत उघडपणे व्यक्त होते. या वस्तूंच्या पंक्तीत आजच्या काळातील आणखी एक वस्तू बसवता येईल. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि उत्तर युरोपातील देशांत नदी, सरोवर, खाडी किंवा समुद्र यांच्या काठी बांधलेल्या घराला पाण्याच्या बाजूने खांबांवर उचललेला, फळ्यांचा, बिनछपराचा सोपा जोडण्याची रीत आहे. त्याला डेक म्हणतात, आणि अलीकडे कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील विश्रामगृहांतही तो दिसू लागला आहे. त्याच्या फळ्या कशाच्या असाव्यात हा प्रश्न सुताराचा आणि हिशेबाचा वाटतो. परंतु ही फळी किती वर्षे टिकेल आणि तिला किती देखभाल लागेल, असे जे दोन प्रश्न घरमालक हमखास विचारतो, त्यांच्या मुळाशी दोन जुने तात्त्विक प्रश्न आहेत: उत्पन्न झालेली वस्तू नाशापासून वाचवता येते काय, आणि वस्तू बाळगणाऱ्याला तिच्याविषयीच्या कर्तव्यातून सुटका मिळू शकते काय. पहिल्या प्रश्नाला आधुनिक पदार्थविज्ञानाने दिलेले होकारार्थी उत्तर तपासले असता असे दिसते की त्यात नाश टळलेला नसून त्याची जागा बदललेली आहे. आणि दुसऱ्या प्रश्नाचा विचार बाजाराच्या भाषेपेक्षा धर्मशास्त्राच्या भाषेत अधिक नेमका झालेला आहे.

पाण्याचा काठ लाकडाला इतका अवघड का जातो, हे आधी पाहिले पाहिजे. लाकूड कुजते ते पाण्यामुळे नव्हे, तर बुरशीमुळे, आणि बुरशीला लाकडातील सेल्युलोज व लिग्निन हे अन्न, ओलावा, प्राणवायू आणि ऊब या सर्वांची एकाच वेळी गरज असते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 20 टक्क्यांखाली राहिला तर बुरशी वाढत नाही. उलट लाकूड पूर्णपणे पाण्याखाली, गाळात रुतलेले असले तर प्राणवायूच्या अभावी कुजणे जवळपास थांबते, आणि व्हेनिसच्या इमारतींचा भार शतकानुशतके पेलणारे लाकडी खांब याच कारणाने उभे आहेत. नाश या दोन अवस्थांच्या मधल्या पट्ट्यात होतो: खांबाचा भरती-ओहोटीत कधी बुडणारा, कधी उघडा पडणारा भाग, फळी आणि तुळई यांच्या सांध्यात साचून राहणारा थेंब, स्क्रूचे भोक, फळीचे कापलेले टोक. खाऱ्या पाण्यात आणखी एक शत्रू असतो. टेरेडो हा दिसायला किड्यासारखा, पण मुळात शिंपल्यांच्या कुळातील जीव बारीक छिद्रातून लाकडात शिरतो आणि आतल्या आत ते पोखरून काढतो, त्यामुळे बाहेरून धड दिसणारा खांब एके दिवशी अचानक मोडतो.

नाशाला कारण लागते की नाही, यावर न्याय-वैशेषिक आणि बौद्ध यांच्यात दीर्घ वाद झाला. नैयायिकांच्या मते घट मुद्गराच्या आघाताने फुटतो; आघात झाला नसता तर घट राहिला असता, म्हणजे नाश हाही इतर कार्यांप्रमाणे कारणजन्य असतो. वसुबंधू आणि पुढे धर्मकीर्ती यांनी याला विरोध करून विनाश निर्हेतुक असल्याचे प्रतिपादन केले, म्हणजे वस्तूचा नाश बाहेरून येत नाही, तो तिच्या उत्पत्तीबरोबरच तिच्या स्वभावात असतो, आणि मुद्गर फक्त पुढच्या क्षणी घटाऐवजी खापऱ्यांची परंपरा सुरू करतो. पदार्थविज्ञानाची सारी भूमिका या वादात नैयायिकाची आहे, कारण ते ओलावा, बुरशी, कीड आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अशी नाशाची कारणे एकेक करून ओळखते व त्यांना अटकाव करते. ही भूमिका व्यवहारात यशस्वी आहे यात शंका नाही. मात्र पाण्याकाठच्या फळ्यांचा प्रत्यक्ष इतिहास पाहिला तर बौद्धांचा मुद्दा पुन्हा पुन्हा डोके वर काढतो: एक कारण रोखले की नाशाची परंपरा थांबत नाही, तिचा पुढचा क्षण वेगळ्या रूपाने आणि बहुधा वेगळ्या ठिकाणी उगवतो.

क्षयाकडे केवळ धार्मिक दृष्टीने पाहिले गेल्याचेही एक ठळक उदाहरण आहे. 1731 साली नेदरलँड्सच्या समुद्र अडवणाऱ्या बांधांचे लाकडी खांब टेरेडोने पोखरल्याचे उघडकीस आले, आणि मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या त्या देशात हाहाकार उडाला. अनेक धर्मोपदेशकांनी हा ईश्वराने उगारलेला दंड मानला. त्याच सुमारास समलिंगी संबंधांच्या आरोपावरून तेथे कठोर खटले आणि देहदंड चालू होते, आणि किड्याचा व त्या कथित पापाचा संबंध जोडला गेला. याच वर्षांत गॉटफ्रीड सेलियस याने या जिवावर शास्त्रीय ग्रंथ लिहिला (1733), आणि बांधांची रचना बदलून लाकडाच्या जागी परदेशातून आणलेले दगड वापरण्यात आले. या प्रसंगातून श्रद्धेवर विज्ञानाचा विजय झाला असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट समान मानली होती, ती म्हणजे कुजणे हा नियम नसून अपवाद आहे आणि त्याला कोणीतरी दोषी असला पाहिजे. आजचे विक्रीपत्रकही कुजणाऱ्या लाकडाविषयी याच सुरात बोलते. पापाची जागा तेवढी दोषाने घेतली आहे.

टिकाऊ फळीचा पहिला आणि सर्वांत जुना पर्याय म्हणजे ज्या झाडाने स्वतःच क्षयाविरुद्ध तजवीज केली आहे त्याचे गाभ्याचे लाकूड. सागाच्या गाभ्यातील तैलद्रव्ये वाळवी आणि बुरशी या दोघांनाही नकोशी असतात, आणि त्यामुळे जहाजबांधणीत त्याला तोड नव्हती. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका 1817 साली पाण्यात उतरली आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती आजही तरंगते आहे. परंतु या दोनशे वर्षांच्या टिकाऊपणाची दुसरी बाजू जहाजावर दिसत नाही. ब्रिटिश आरमारासाठी मलबारच्या जंगलांवर 1806 पासून सरकारी मक्तेदारी लादली गेली, चांगला साग झपाट्याने संपत गेला, आणि 1840च्या दशकात निलंबूर येथे हेन्री कॉनोली या जिल्हाधिकाऱ्याला सागाची लागवड सुरू करावी लागली. फळीत न दिसलेला क्षय डोंगरावर दिसला, एवढाच याचा अर्थ. आज अमेरिकेतील डेकसाठी सागाहून जड आणि कठीण असे इपे हे ॲमेझॉनच्या जंगलातील लाकूड प्रतिष्ठेचे मानले जाते. त्याची घनता इतकी असते की ते अनेकदा पाण्यात बुडते, आणि ते झाड जंगलात विखुरलेले, कित्येक हेक्टरांमागे एखादे असे सापडत असल्याने एका झाडापर्यंत पोचण्यासाठी सभोवतालच्या रानात वाटा पाडाव्या लागतात. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्याशिवाय व्यापार करता येणार नाही अशा जातींच्या यादीत, इपेचा समावेश करण्याचा निर्णय 2022 साली पनामा येथील बैठकीत झाला आणि तो 25 नोव्हेंबर 2024 पासून लागू झाला.

दुसरा पर्याय साध्या, लवकर वाढणाऱ्या झाडाच्या लाकडात विष भरण्याचा आहे, आणि त्याचा इतिहास भारताशी जोडलेला आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम या शास्त्रज्ञाने 1933 साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे असे मिश्रण शोधून काढले की त्यातील तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक किड्यांना मारते आणि क्रोमियम या दोघांना लाकडात पक्के बसवते. पुढे जगभर विजेचे आणि तारायंत्राचे खांब, कुंपणे, धक्के आणि घरांपुढचे सोपे याच मिश्रणाच्या जोरावर दशकानुदशके टिकले. मात्र आर्सेनिक थोडेथोडे पाझरते, फळीखालच्या मातीत साठते आणि फळीवर खेळणाऱ्या मुलांच्या हाताला लागते हे लक्षात आल्यावर अमेरिकेतील उत्पादकांनी 2003 च्या अखेरीस घरगुती वापरासाठी असे लाकूड बनवणे थांबवले. त्याच्या जागी आलेल्या मिश्रणांत आर्सेनिक नसले तरी तांबे अधिक असते, आणि तांबे जमिनीवर फारसे घातक नसले तरी पाण्यातील शेवाळ, शिंपले आणि माशांची पिल्ले यांना ते अपायकारक असते. म्हणजे पाण्यालगतच्या घराच्या बाबतीत विष ज्या दिशेने जाऊ नये नेमक्या त्याच दिशेने जाते.

जैन श्रावकाचारात गृहस्थाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांची यादी आहे, ज्यांना कर्मादान म्हणतात, म्हणजे ज्यांतून दाट कर्मबंध होतो असे उपजीविकेचे मार्ग. त्यांत वनकर्म, म्हणजे झाडे तोडून विकणे, आणि विषवाणिज्य, म्हणजे विषाचा व्यापार, ही दोन्ही स्वतंत्रपणे सांगितली आहेत. विष भरलेल्या लाकडाचा सोपा या दोन्ही कलमांत एकाच वेळी बसतो, हे त्या यादीच्या कर्त्यांना अर्थातच अभिप्रेत नव्हते. पण झाड तोडण्यातील हिंसा आणि झाडाला मरणोत्तर टिकवण्यातील हिंसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हा भेद त्यांना सुचला, आणि तो आजच्या पर्यावरणविषयक लेखनात क्वचितच इतका स्वच्छ आढळतो. बौद्ध विनयात भिक्षूने वनस्पतीला इजा करणे हा प्रायश्चित्तास पात्र अपराध मानला आहे, आणि त्या नियमाच्या मुळाशी आळवी येथील भिक्षूने कुटीसाठी झाड तोडताना त्यातील देवतेच्या बालकाचा हात जखमी केल्याची कथा आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी लाकूड आणण्याच्या विधीला स्वतंत्र अध्याय आहे, त्यात झाडावर राहणाऱ्या भूतांना बली देऊन दुसरीकडे वस्ती करण्याची विनंती करावयाची असते, आणि स्मशान, देवालय, आश्रम, नद्यांचा संगम अशा ठिकाणची झाडे वर्ज्य सांगितली आहेत. या सर्व विधिनिषेधांत लाकूड नकोच असे कोठेही म्हटलेले नाही. लाकूड कोणाचे तरी घर होते याची नोंद मात्र घेतली गेली आहे.

तिसरा पर्याय प्लॅस्टिकचा. 1990 च्या दशकापासून अमेरिकेत लाकडाचा भुसा आणि पॉलिथिलीन किंवा तत्सम प्लॅस्टिक एकत्र वितळवून, दाबून बनवलेल्या फळ्यांचा प्रसार झाला, आणि टाकाऊ पिशव्या व करवतीचा भुसा यांचा त्यात उपयोग होत असल्याने त्या पर्यावरणाच्या मित्र म्हणून विकल्या गेल्या. पंचवीस वर्षांची किंवा त्याहून मोठी हमी, रंगरोगण नको, तेलपाणी नको, हे त्यांचे आकर्षण. त्यांचे दोषही सुतार जाणतात: उन्हात त्या लाकडापेक्षा जास्त तापतात, उष्णतेने फुगतात, आणि पहिल्या पिढीच्या फळ्यांतील उघड्या भुशावर बुरशी धरल्याच्या तक्रारी आल्यावर त्यांना वरून प्लॅस्टिकचे कवच चढवावे लागले. तात्त्विक दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. कुजणे याचा अर्थ दुसऱ्या जिवाच्या उपयोगी पडणे. ज्या बुरशीला घरमालक शत्रू मानतो तिच्यावाचून जंगलातील एकही पडलेले झाड माती झाले नसते. भुसा आणि प्लॅस्टिक यांचे एकजीव झालेले मिश्रण वेगळे करता येत नाही, म्हणून बहुतेक फळ्यांचा शेवट कचऱ्याच्या डेपोत होतो, आणि झिजताना त्यांचे सूक्ष्म कण मागे राहतात. सांख्य परिभाषेत नाश म्हणजे कार्याचे आपल्या कारणात लीन होणे. या फळीला लीन व्हायला जागा नाही, आणि टिकाऊपणा हे त्या अवस्थेचे फार सौम्य नाव झाले.

चौथ्या पर्यायाची चर्चा बाजारात कमी आणि विचारवंतांत त्याहून कमी होते, वास्तविक तो सर्वांत लक्षणीय आहे. लाकडाच्या रेणूंत पाण्याला धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट असतात. ॲसेटिक ॲनहायड्राइड या रसायनाने, म्हणजे व्हिनेगरच्या आम्लापासून मिळणाऱ्या द्रव्याने, त्या गटांचे रूपांतर केले की लाकूड ओलावा फारसा धरत नाही, फुगत-आक्रसत नाही, आणि बुरशीला ते अन्न म्हणून ओळखता व पचवता येत नाही. यात कोणालाही मारले जात नाही. विष भरलेली फळी येणाऱ्याला ठार करते, तर ही फळी येणाऱ्याला आमंत्रणच देत नाही, आणि अहिंसेच्या विचारात या फरकाला मोठे वजन आहे. आयुष्य संपल्यावर ती जाळता येते. तरीही हा पर्याय निर्दोष नाही: न्यूझीलंडमध्ये वाढलेले पाइनचे लाकूड नेदरलँड्समधील कारखान्यात प्रक्रियेसाठी जाते आणि तेथून पुन्हा जगभर, त्याची किंमत सामान्य घरमालकाच्या आवाक्याबाहेर असते, आणि खाऱ्या पाण्यात रुतणाऱ्या खांबांचा प्रश्न त्यानेही पुरता सुटत नाही.

फळ्या एकेक करून बदलत गेल्या तर सोपा तोच राहतो काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. प्लूटार्कने थिसियसच्या चरित्रात सांगितले आहे की अथेन्सवासीयांनी त्याचे जहाज कुजलेल्या फळ्या काढून, नव्या बसवून जपले, आणि ते तेच जहाज की दुसरे यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले. वैशेषिकांचे उत्तर कठोर आहे: अवयवी, म्हणजे अवयवांहून वेगळे असे संपूर्ण द्रव्य, अवयवांच्या संयोगावर उभे असते, आणि एक अवयव काढताच जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो. मिलिंद राजाशी बोलताना नागसेनाने रथाच्या उदाहरणाने सांगितलेला पक्ष याच्या उलट टोकाचा आहे, कारण त्याच्या मते अवयवांपलीकडे रथ नावाचे काही नव्हतेच, ते केवळ व्यवहारापुरते नाव. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’तील जैन भूमिका मात्र उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तिन्ही एकाच सत् वस्तूची एकाच वेळची लक्षणे मानते, आणि पाण्याकाठच्या सोप्याला हीच सर्वांत चांगली लागू पडते, तेथे दर पावसाळ्यानंतर काही फळ्या जातात, काही येतात, आणि बसण्याची जागा टिकते.

परंतु या सर्व चर्चेत एक गोष्ट सहसा सुटते, आणि ती टॉमस हॉब्जने 1655 च्या आपल्या ‘दे कोर्पोरे’ या ग्रंथात पकडली. त्याने विचारले की काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज जोडले तर खरे जहाज कोणते. हॉब्जला त्यातून अभिन्नतेचे कोडे अधिक बिकट करायचे होते, तरी त्याच्या प्रश्नाने लक्ष प्रथमच राहिलेल्या वस्तूवरून टाकलेल्या वस्तूकडे वळले. फळीच्या निवडीत नैतिक दृष्ट्या निर्णायक प्रश्न हाच आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथील समुद्रकाठचा फळ्यांचा प्रसिद्ध रस्ता 1923 साली खुला झाला, आणि नंतरच्या दशकांत त्यावर ॲमेझॉनचे लाकूड वापरले गेले. 2008 साली महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी शहराच्या कामांतून अशा लाकडाचा वापर घटवण्याचे धोरण जाहीर केले, त्यानंतर त्या रस्त्याच्या काही भागांत काँक्रीट आणि प्लॅस्टिकच्या फळ्या आल्या, आणि नागरिकांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. 2018 साली या रस्त्याला शहराच्या संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे वैशेषिकांच्या वळणाचे होते: लाकूड गेले की तो रस्ता राहिला नाही. नगरपालिकेचे म्हणणे हॉब्जच्या प्रश्नाच्या अंगाने जाणारे होते, कारण तिला त्या फळ्या जेथून आल्या त्या रानाचे उत्तर द्यायचे होते. दोन्ही बाजू खऱ्या असूनही एकमेकींना ऐकू येत नव्हत्या, कारण एक बाजू समोरच्या वस्तूविषयी बोलत होती आणि दुसरी समोर नसलेल्या वस्तूविषयी.

आता देखभालीचा प्रश्न. पूर्वमीमांसेने कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे वर्गीकरण केले आहे. काम्य कर्म विशिष्ट फळाच्या इच्छेने करायचे, नैमित्तिक काही प्रसंग आला म्हणजे, आणि नित्य कर्म प्रतिदिनी. बऱ्याच मीमांसकांच्या मते नित्यकर्म केल्याने कोणतेही खास फळ मिळत नाही, पण न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. देखभालीचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. फळीला तेल देणारा माणूस नवे काहीही निर्माण करत नाही, त्याच्या श्रमाचे यश हे की काहीच घडले नाही, आणि तो थांबला तरच त्याच्या कामाचे अस्तित्व जाणवते. देखभालमुक्त फळी विकणारा वस्तुतः नित्यकर्मातून मुक्तीचे आश्वासन देतो. धर्मशास्त्रात अशी मुक्ती संन्याशाला आहे, पण त्यासाठी त्याने अग्नी आणि घर दोन्ही सोडलेले असतात; संन्याशाची मोकळीक आणि गृहस्थाचा सोपा एकाच वेळी मिळावा ही अपेक्षा कोणत्याही स्मृतिकाराने मान्य केली नसती.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातील पंचसूनांचा विचार येथे अधिक उपयोगी आहे. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातील पाच सूना, म्हणजे वधस्थाने होत, कारण त्यांच्या रोजच्या वापरात नकळत जीव मरतात, आणि या अटळ दोषाच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ सांगितले आहेत. या मांडणीत निर्दोष घराची कल्पनाच नाही. घर आहे तेथे वध आहे, तो नेमका कोठे होतो हे ओळखावे आणि त्याची भरपाई रोज करावी, एवढेच ती सांगते. पाण्याकाठच्या घराला सहावी सूना म्हणून हा सोपा जोडला तर कोणती फळी निष्पाप, असा प्रश्न विचारण्याला अर्थ राहत नाही, आणि कोणत्या फळीचा वध घरमालकाच्या दृष्टीच्या टप्प्यात राहतो हा प्रश्न उभा राहतो.

कोकणातील जुन्या राहणीत हा टप्पा आपोआप जवळ होता. ओढ्यावरचा साकव पोफळीच्या खोडांचा आणि बांबूंचा, पाऊस सरल्यावर गावाने मिळून बांधायचा आणि पुढच्या पावसाने न्यायचा. अंगण आणि पडवी शेणाने सारवायची. छप्पर पावसाआधी शाकारायचे आणि किनाऱ्यावर ओढलेल्या होड्याही शाकारून ठेवायच्या. यात क्षय लपवलेला नव्हता, त्याला वर्षाच्या कामांत वार-महिना नेमून दिलेला होता. मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाताना ते नित्यकर्म कोणाच्या अंगावर होते हेही म्हटले पाहिजे. सारवण्याचे काम बायकांचे होते, डागडुजी बलुत्याच्या धान्यावर राबणाऱ्या सुताराची, आणि ज्याच्या ओटीवर लाकडी तक्तपोशी होती तो स्वतः क्वचितच हातात पोतेरे घेई. देखभालमुक्तीची ओढ केवळ आळसातून येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची घरे राखण्यात ज्यांची कंबर मोडली त्यांच्या लेकीसुनांना फरशी हवीशी वाटली यात तत्त्वज्ञानाने नाक मुरडण्यासारखे काही नाही. क्षयाप्रमाणेच श्रमाचीही जागा बदलता येते, आणि ती नेहमी खालच्या बाजूला बदलत आली आहे.

जपानमध्ये या दोन्ही प्रश्नांना एकत्र भिडणारी परंपरा आढळते. हिरोशिमाच्या उपसागरातील इत्सुकुशिमा हे शिंतो मंदिर 1168 च्या सुमारास ताइरा नो कियोमोरी या सरदाराने आजच्या विस्ताराने बांधवले. त्याचे सोपे भरतीच्या पाण्यावर उभे आहेत, आणि त्यांच्या फळ्यांत मुद्दाम फटी ठेवल्या आहेत, ज्यांतून उसळलेल्या पाण्याचा दाब वर निसटून जातो आणि चढलेले पाणी उतरते. (ज्या कियोमोरीच्या घराण्याचा 1185 च्या सागरी लढाईतील विनाश ही जपानी साहित्यातील अनित्यतेची सर्वांत प्रसिद्ध कथा झाली, त्याचेच बांधकाम टिकावे हा इतिहासाचा विनोदच, जरी आजचे मुख्य गाभारागृह 1571 सालचे असले तरी.) 2004 च्या वादळात येथील वादकांचा एक मंडप कोसळला, फळ्या उखडल्या, आणि त्या पुन्हा बसवल्या गेल्या. इसे येथील मंदिरसमूह तर सातव्या शतकापासून दर वीस वर्षांनी नव्याने बांधला जातो, अलीकडे 2013 साली. उतरवलेले लाकूड देशभरच्या इतर मंदिरांना दिले जाते, मुख्य खांबांतून मंदिराच्या पुलापाशी असलेली कमान उभी राहते, म्हणजे हॉब्जच्या प्रश्नाला तेथे व्यवस्था म्हणून उत्तर आहे. या परंपरेलाही डाग आहेत. यादवी युद्धांच्या काळात शंभराहून अधिक वर्षे हे पुनर्निर्माण खंडित झाले, आणि एका पुनर्निर्माणाला हिनोकीची, म्हणजे जपानी सायप्रसची, सुमारे 10,000 झाडे लागत असल्याने जवळची जंगले केव्हाच संपली व लाकूड दूरच्या किसो खोऱ्यातून आणावे लागले. मंदिराने स्वतःच्या रानात दोनशे वर्षांच्या हिशेबाने हिनोकीची लागवड सुरू केली ती विसाव्या शतकात. पवित्रता लाकडाची मागणी कमी करत नाही.

या सर्वांवरून घरमालकासाठी काही अनुमान काढायचेच तर ते पदार्थाविषयी कमी आणि रचनेविषयी अधिक निघते. जवळच्या लागवडीतील, विष न भरलेले लाकूड, फळ्यांमध्ये पाणी निथळेल आणि वारा खेळेल इतकी फट, तुळईवर पाणी साचू न देणारा उतार, आणि एकेक फळी वेगळी काढता येईल अशी, गोंदाऐवजी गंज न धरणाऱ्या स्क्रूंची जोडणी, ही निवड पंधरा-वीस वर्षांत बहुतेक फळ्या बदलाव्या लागतील हे गृहीत धरते, आणि काढलेली फळी चुलीत, गोठ्यात किंवा मातीत जाऊ शकते. गोड्या पाण्याच्या काठी हे साधते. खाऱ्या पाण्यात रुतवायच्या खांबांच्या बाबतीत मात्र विष, पोलाद, काँक्रीट किंवा दूरच्या जंगलातील लाकूड यांखेरीज टिकणारे फारसे काही नाही, आणि म्हणून तेथे फळीच्या निवडीआधीचा प्रश्न पुढे येतो, तो म्हणजे सोपा पाण्यावर न्यावा की न न्यावा. भारतात 19 फेब्रुवारी 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासूनच्या पट्ट्यात बांधकामावर बंधने घातली, 2011 आणि 2019 साली तिची रूपे बदलली, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी हे अंतर किती असावे यावर वाद झाले. त्या वादांत मच्छीमारांचे होड्या ओढण्याचे वाळूचे पट्टे, खारफुटी आणि पर्यटनाचा महसूल यांची चर्चा झाली; खांबांच्या टोकाशी कोणते विष कोणत्या पाण्यात पाझरेल, याचा उल्लेख त्यांत अजून अभावानेच येतो.